सवाष्णींचे गुडघे

२ सप्टेंबर

डबा आज पुन्हा दोन तास उशिरा. लातूर–नांदेड गाडी अहमदपूरला बंद पडली म्हणे. शेषेराव स्टँडवरून डबा घेऊन निघाले ते थेट लॅबमध्ये आले का? नाही – आधी कँटीन! मी खाली उतरले तर हे थर्माकोलच्या डब्यावर कोपर टेकून चहा पिऊन राहिलेले. तीस वर्षं बायोकेमिस्ट्रीत अटेंडंट, पुढच्या वर्षी रिटायर होतील, आणि डब्यात काय येतं हे अजून माहीत नाही. "हाडं हायत की," म्हणाले.

हाडं नव्हेत, कूर्चा. गुडघा बदलताना सर्जन जो झिजलेला भाग कापून काढतो, त्यावर उरलीसुरली गुळगुळीत गादी असते, ती. लातूरच्या हॉस्पिटलातून डॉ. मुकुल पाठवतात. मी ती बारीक चिरते, वाटते, अर्क काढते आणि गादी खाणारी एन्झाइम्स त्यात किती आहेत ते मोजते. सात वर्षं हेच. कॉलनीत विचारा, मनस्विनी काय करते – गुडघ्याचं तेल शोधून राहिली, असं सांगतील.

एकतीस मार्चला रजिस्ट्रेशन संपतं. तोवर प्रबंध गेला नाही तर सातही वर्षं पाण्यात. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे वही उघडली की डोळ्यांत खुपेल.

५ सप्टेंबर

एमएस्सीच्या वर्गावर गुडघा शिकवला. एकवीस चेहरे, एकवीस मोबाइल.

सांगितलं – कूर्चेत कोलॅजेनचं जाळं असतं. त्या जाळ्यात ॲग्रेकन नावाचं प्रथिन पाणी धरून बसलेलं असतं. पाणी आहे तोवर गादी. आधी ॲग्रेकनेज हे एन्झाइम ॲग्रेकनला कातरतं, पाणी जातं. मग एमएमपी-१३ येतं आणि जाळंच तोडतं. ॲग्रेकन थोडंफार पुन्हा तयार होतं. जाळं तुटलं की संपलं. आणि ही कात्री बाहेरून कुणी आणत नाही, कूर्चेतल्याच पेशी ती बनवतात. ज्यांना गादी सांभाळायला ठेवलंय त्याच!

आपल्या विभागासारखं, हे शेवटचं वाक्य तोंडावर आलं होतं. गिळलं.

मागच्या बाकावरून प्रश्न आला. "मॅडम, हे किती मार्काला येतं?"

९ सप्टेंबर

आईंचं ऑपरेशन ठरलं. दिवाळीनंतर, लातूरला, डॉ. मुकुलच करतील. सासूबाई असल्या तरी मी आईच म्हणते. घरी आम्ही दोघीच. उजवा गुडघा पार गेलाय. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी, आणि तोंडाने पाढे म्हणतात – शाळामास्तरीण होत्या ना. सतराच्या पाढ्याला खाली पोचतात.

ऑपरेशनचं कळताच कॉलनीतल्या बायका सल्ले घेऊन हजर. एकीची कोरफड, एकीचे डिंकाचे लाडू, एकीची गरम वाळूची पोटली. तिसरी मला म्हणते, "तू गुडघ्याचं शिकलेली, मग घरातलाच गुडघा का बरा होईना?" मी म्हटलं, मी बरा करत नाही, कसा बिघडतो ते मोजते. "म्हणजे काय उपयोग?" म्हणाली. मूर्ख बाई. दिवसभर तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

१७ सप्टेंबर

सकाळी झेंडावंदन. बापूसाहेब मुक्तिसंग्रामावर चाळीस मिनिटं बोलले, त्यातली तीस स्वतःवर. हे माझे गाइड. विभागप्रमुख. सात वर्षांत माझ्या लॅबमध्ये चार वेळा आले, त्यात दोनदा छत्री विसरली म्हणून.

दुपारी शांतता होती, म्हणून लातूरचे चोपन्न नमुने एकत्र लावले. सगळ्या बायका, सगळ्यांचे गुडघे सारखेच गेलेले. तरी आकडे दोन गठ्ठ्यांत पडले. तीस जणींत एमएमपी-१३ भरपूर, असायला हवं तसं. चोवीस जणींत जवळजवळ नाहीच! ॲग्रेकनेजचंही तेच.

वय लावून पाहिलं. वजन. साखर. शेतकाम की घरकाम. काही जुळेना. शेवटी फॉर्मवरचा एकच रकाना उरला, वैवाहिक स्थिती. आमचा फॉर्म स्त्रीरोग विभागाच्या फॉर्मवरून उचललेला, त्यामुळे तो रकाना तसाच राहिलाय. गुडघ्याला त्याचं काय!

कमी असलेल्या चोवीसच्या चोवीस विवाहित. जास्त असलेल्या तिसांतल्या अठ्ठावीस विधवा.

हा योगायोग असण्याची शक्यता काढली. पॉइंटनंतर बारा शून्यं आली. इतका देखणा आकडा माझ्या हातून आजवर निघाला नव्हता. पण शरीर इतकं नीटनेटकं कधी वागत नाही. वही मिटून घरी आले.

२३ सप्टेंबर

बापूसाहेबांना दाखवलं. दाखवायला नको होतं.

माणूस खुर्चीतून उठला! फळ्यावर बाण काढत सुटले – पतीचं निधन, दुःख, ताण, सूज, एमएमपी-१३, गुडघा. "मनस्विनी, आपली संस्कृती हजारो वर्षं जे सांगून राहिली, ते तू रेणूच्या पातळीवर सिद्ध केलंस. सौभाग्य हे संरक्षक आहे!" डोळ्यांत पाणीबिणी.

म्हटलं, सर, आपल्या नांदेडच्या नऊ नमुन्यांत असं काही दिसत नाही.

"नऊ म्हणजे काय. सोडून दे."

म्हटलं, आणि लातूरच्या त्या दोघी? विवाहित असून एन्झाइम भरपूर?

"अपवाद. काढून टाक."

काढून टाकल्या. एल-१७ आणि एल-३३. माउसच्या दोन टिचक्या. दुसऱ्या कुणी असं केलेलं बघितलं असतं तर मी चारचौघांत त्याला चोर म्हटलं असतं. आज स्वतःला म्हटलं – एकतीस मार्च.

२८ सप्टेंबर

पेपर एका जर्नलला पाठवला. पहिलं नाव बापूसाहेबांचं. इंग्रजी माझं, चुका त्यांच्या, चुकांची दुरुस्तीही माझी.

९ ऑक्टोबर

छापून आलं. जर्नलमध्ये नाही, त्याचं उत्तरसुद्धा अजून नाही – इथल्या पेपरात! बापूसाहेबांना दम निघाला नाही. चार कॉलम, त्यांचा फोटो, माझं नाव चुकीचं. 'सौभाग्य राखते गुडघे! नांदेडच्या संशोधकांचा शोध.'

आईंनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. जन्मभर पोरांना छापील अक्षर वाचायला शिकवलं त्यांनी, त्यामुळे छापील ते खरं. मग पेपराची नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "म्हणजे आपल्या दोघींचे जायचेच होते म्हण. माझे हे गेले तेव्हाच ठरलं. तुझे दयानंद गेला तेव्हा."

मी म्हटलं, माझे गुडघे ठणठणीत आहेत, आई.

"चारच वर्षं झालीत अजून," म्हणाल्या. किती मायेने म्हणाल्या! काळजीने.

दयानंदचं नाव या वहीत मी लिहीत नाही. आज त्या बाप्याच्या मूर्खपणामुळे लिहावं लागलं. नाही, त्याच्या एकट्याच्या नाही. आकडे मी दिले.

१० ऑक्टोबर

आईंनी स्वतःच लातूरला फोन करून ऑपरेशन रद्द केलं. मला न विचारता. "कारण जर तेच राहणार असेल तर चिरफाड कशाला करून घेऊ? नशिबाचं हाड थोडंच बदलता येतं."

मी ओरडले. विज्ञान सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, पण हे विज्ञानच आहे ना? तूच लिहिलंयस."

१५ ऑक्टोबर

पाच दिवस एकच काम – माझा देखणा आकडा फोडायचा.

बाजारातलं शुद्ध एमएमपी-१३ आणलं, माप माहीत असलेलं. एका विधवेच्या अर्कात टाकलं, छान चाललं. तेवढंच एका सवाष्णीच्या अर्कात टाकलं, ठार! दहा अर्कांवर करून पाहिलं, दहाही वेळा तेच. म्हणजे सवाष्णींच्या गुडघ्यात एन्झाइम कमी नाहीच. त्यांच्या अर्कात काहीतरी आहे, ते बाहेरून घातलेल्या एन्झाइमलाही मारतं.

बापूसाहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं ते असं – "बघ! संरक्षक प्रथिन! शोधून काढ त्याला. नावसुद्धा सुचलंय मला. सौभाग्यिन."

सौभाग्यिन!

२० ऑक्टोबर

दिवाळी. आईंनी पाटावर बसून चकल्या केल्या, उठताना मला हाक मारावी लागली.

२७ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहायला हात वळत नाही. तरी लिहिते.

शेषेराव बेसिनपाशी काचेच्या नळ्या घासून राहिले होते. कुरकुर चालू. "म्याडम, ह्या लातूरच्या नळ्या साबणानं बी निघंनात. हळद लई चिवट असती."

कसली हळद?

"हीच की. लातूरच्या तुकड्यांची."

मी म्हटलं, शेषेराव, म्हाताऱ्या कूर्चेला पिवळी झाक येतेच. पुस्तकात आहे. त्यांनी नळी नाकाला लावली. "आमचं लोह्यापाशी दोन एकर हळदीचं रान हाय. ल्हानपनापासून हळद शिजवून राहिलो मी. मला कशाला पुस्तक." मग खिशातून तंबाखूची डबी काढली, नखावर चुना घेतला आणि माझ्या अर्काचा एक थेंब त्यात कालवला.

लाल. कुंकवासारखा लालभडक.

सात वर्षं. लाखाचं यंत्र, परदेशी किट, संगणक, पॉइंटनंतर बारा शून्यं. आणि तंबाखूच्या चुन्याने दोन सेकंदांत निकाल दिला. हळदीतलं करक्युमिन एन्झाइमला अडवतं, आणि ज्या चमकेवर मी एन्झाइम मोजते ती चमकही गिळून टाकतं. हे मी स्वतः पोरांना शिकवते. मार्काला येतं!

विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत?

"मला वाटलं तुमीच लावता, औषिद म्हनून. आन् तुमी कधी इचारलं न्हाई."

खरं आहे. त्यांनी डब्यात काय आहे ते विचारलं नाही म्हणून मी हसत होते. मी सात वर्षांत त्यांना एक प्रश्न विचारला नाही. डबा का उशिरा आला, एवढाच.

२९ ऑक्टोबर

पहाटेच्या गाडीने लातूर. भांडायलाच गेले होते.

नमुने बांधते ती ऑपरेशन थिएटरची मावशी, नागम्मा. निलंग्याच्या पलीकडे कुठलंसं गाव, साठीला आलेली, ठेंगणी, दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले – चालताना बघूनच कळतं, आतली गादी कधीच संपलीय. मी विचारलं, तुकड्यांना हळद तुम्ही लावता?

"हाव. कुंकू बी लावत व्हते, पर ते बर्फात लई पसरतं. निस्ती हळद लावते आता."

का?

माझ्याकडे अशी बघत राहिली जणू मीच अडाणी. "मानसाचा तुकडा हाय बाई त्यो. जित्या मानसाचा. वाटंला लावायचा तर तसाच डब्यात कोंबू? कचरा हाय का त्यो?"

मग सगळ्यांना नाही लावत?

"सवाष्णीलाच. रांडमुंड बाईला कशी लावू हळद? तिचा पान्यानं धुते, डोक्याला लावते, ठिवते."

एल-१७ आणि ३३ चं विचारलं. तारखा सांगितल्यावर तिला बरोबर आठवलं. "त्या दोगी मुसलमान बाया. त्यांच्यात चालतं का न्हाई मला काय म्हाईत. इचारावं तर त्या शुद्धीत कुटं व्हत्या." घ्या! संमतीचा इतका विचार आमच्या एथिक्स कमिटीनेही केला नव्हता.

मग मी बोलले. थिएटरच्या दारात, दोन सिस्टरांसमोर. अडाणी म्हटलं. माझी सात वर्षं तू हळदीत बुडवलीस म्हटलं. मेलेल्या हाडालाही सौभाग्य लागतं का तुला, म्हटलं. ती हात पुसत सगळं ऐकत होती. माझा आवाज संपल्यावर म्हणाली, "मला कुनी सांगितलं न्हाई, बाई. बर्फ घाल म्हनले, बर्फ घातला. नाव नगं, नंबर लिव्ह म्हनले, शिकून घेऊन नंबर लिवला. हळद लावू नगं असं कुनी म्हनलंच न्हाई."

नंबर कधी चुकला नाही तिचा. चोपन्नांत एकही नाही. माझ्या नांदेडच्या नऊ डब्यांत दोन नंबर चुकले होते, ते एमडी झालेल्या पोरांनी लिहिलेले.

कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवलं – फक्त सलाइन, बर्फ, डबा. हळद नाही. कुणालाच नाही. "बरं," म्हणाली.

निघताना मला थांबवलं. पिशवीतून छोटी डबी काढली. "पैल्यांदा आलीस अव्वा, सवाष्ण बाई तशी कशी धाडू." आणि कपाळाला हळदीकुंकू लावलं. इतकं बोलून घेतल्यावर!

मी टिकली लावते. कॉलेजात चौकश्या नकोत म्हणून. मंगळसूत्रही लहान का होईना असतं. नाही म्हणता आलं असतं. चार शब्द, संपला विषय. म्हटले नाही. चार वर्षांनी कुणाचं तरी बोट कपाळाला लागलं. मी मान वर करून उभी राहिले, शाळकरी पोरीसारखी. स्वतःची शरम वाटली. अहमदपूरपर्यंत पुसलं नाही.

३० ऑक्टोबर

आईंना सगळं सांगितलं. कपाळाचं तेवढं सोडून.

"हळद?" म्हणाल्या. मग हसायलाच लागल्या, डोळ्यांतून पाणी येईतो. मग एकदम थांबल्या. "म्हणजे यांच्या जाण्याचा आणि माझ्या गुडघ्याचा काही संबंध नाही?"

काडीचाही नाही, म्हटलं. तुमचा गुडघा वयाने, वजनाने आणि पस्तीस वर्षं फळ्यापाशी उभं राहून गेलाय.

"बघ हं. उद्या पेपरात पुन्हा उलटं यायचं."

या वेळी मी लिहिणार आहे, म्हटलं. संध्याकाळी त्यांनी स्वतःच लातूरला पुन्हा फोन लावला.

४ नोव्हेंबर

बापूसाहेबांना सांगितलं. मग चेहरा उजळला. "हळद! मग तर उत्तमच! हळद गुडघा वाचवते, त्यावर पेपर करू. लोकांना हेच हवंय."

म्हटलं, सर, बशीत हळद घातली की बशीतलं काहीही मरतं. गुडघ्यात ती पोचते हे कुठे सिद्ध झालं? आणि हे तुकडे कापून झाल्यावर हळद लागलीय!

"मग गप्प बस. कुणाला कळणार आहे? त्या मावशीला?"

सांगितलं की जर्नलला पत्र सकाळीच गेलंय. पेपर मागे घेतलाय, कारणासकट.

ते परत खुर्चीत बसले. नंतर म्हणाले, "सही माझी लागते, मनस्विनी. हे विसरू नको." विसरले नाही. जुन्यांतले चोवीस नमुने बाद. नवे वीस हवेत, बिनहळदीचे, आणि एकतीस मार्च तिथेच आहे. सही नाही मिळाली तर नाही. चोर म्हणून मिळालेली डॉक्टरकी या घरात कुठल्या भिंतीवर लावू?

८ नोव्हेंबर

पेपरवाल्यांना खुलासा पाठवला होता. छापला. पाचव्या पानावर, बोअरवेलच्या जाहिरातीखाली, अडीच ओळी. माझं नाव पुन्हा चुकीचं.

२६ नोव्हेंबर

सोयाबीन निघालं, लोकांच्या हातात वेळ आला. गुडघ्यांचा हंगाम! आठवड्याला दोन डबे येऊन राहिलेत. पांढरे, स्वच्छ. प्रत्येकावर नागम्माचे मोठ्ठे आकडे. शेषेराव हल्ली स्टँडवरून थेट वर येतात. डबा उघडताना मी विचारते, वास कसला? "सलाइनचा," म्हणतात, तोंड वाकडं करून.

२२ डिसेंबर

सतरा नवे झाले. विधवा आणि सवाष्ण – सारखंच. एमएमपी-१३ सारखं, ॲग्रेकनेज सारखं, जाळं सारखंच तुटलेलं. काहीही फरक नाही. माझ्या सात वर्षांचं फलित – फरक नाही.

आणि जुन्यातलं जे काही खरं उरलं, ते तिसांचंच. अठ्ठावीस विधवा, दोन मुसलमान बाया. ज्यांच्या वेळी नागम्माने हात आखडता घेतला, तेवढ्याच माझ्या कामी आल्या. यावर हसू की काय करू कळलं नाही.

बापूसाहेबांनी आकडे चाळले. "यात बातमी काय?" म्हणाले. म्हटलं, काही नाही. "सही देतो. पण आभारात माझं मार्गदर्शन नीट येऊ दे." देईन. चार ओळी देईन. त्यांच्या मार्गदर्शनाशिवाय मी इतकी वाट चुकले नसते.

१२ जानेवारी

लातूर. आईंचं ऑपरेशन झालं. नीट झालं, डॉ. मुकुल म्हणाले. तीन दिवसांत चालवतील.

थिएटरमध्ये न्यायच्या आधी नागम्मा आली होती, स्ट्रेचर ढकलायला. आईंना कुणीही चालतं बोलायला. गाव कोणतं, मुलं किती, सगळं विचारून घेतलं तिला. मग तिने विचारलं, "ही म्याडम तुमची लेक का?"

"सून," आई म्हणाल्या. "पण लेकाच्या जागी हीच आता. हे आधीच गेले, मग दयानंद गेला माझा, चार वर्षं झाली. ही एकटीच बघते मला."

नागम्माने माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळाकडे. मी खिडकीकडे बघू लागले. आता बोलेल, म्हटलं – मी तिला हाडाच्या सौभाग्यावरून झापलं होतं आणि स्वतः टिकली लावून तिची हळद घेऊन गेले होते. बोलायचा पूर्ण हक्क होता तिला.

तिने आईंच्या अंगावरची चादर सारखी केली आणि स्ट्रेचर आत ढकललं.

१४ जानेवारी

संक्रांत. नणंद सुकन्या निलंग्याहून आईंपाशी आली, म्हणून मी एका दिवसासाठी नांदेडला. विभाग रिकामा, बाया वाण लुटायला गेलेल्या. शेषेरावांनी डबा आणला. एल-७३. आईंचा.

उघडला. पिवळा. सगळीकडून, हाताने नीट चोळून लावलेली हळद.

शेषेराव म्हणाले, "बाद ना म्याडम? लातूरला फोन लावू का?"

नको म्हटलं. वहीत लिहिलं – एल-७३, बाद. मग तिथेच, त्यांच्यासमोर, रडले. ते डबा धुवायला घेऊन गेले.